उष्टा धूर

सवत असावी तर निदान माणसाची जात असावी. भांडता येतं, झिंज्या उपटता येतात. माझी सवत जपानी होती. पांढरीशुभ्र, स्टिअरिंग डाव्या अंगाला, आणि दार उघडलं की अत्तराचा वास. दाभोळचे एक भाई मस्कतला मोठ्या वर्कशॉपात स्टोअर सांभाळायचे, त्यांनी ती बोटीतून आणवली होती. रत्नागिरीत आमचं गॅरेज घराच्या पडवीला लागूनच. रजेवर आलेले भाई ती अंगणात लावून गेले आणि माझा नवरा मला दिसेनासा झाला.

ऐंशीचं दशक तेव्हा अर्ध्यावर आलं होतं. आमच्याकडे यायच्या त्या जीपा आणि मासळीचे टेम्पो. ही बया रस्त्यावर सुरेख पळायची, पण नाक्यावर थांबली की थरथरायची आणि बंद पडायची. हे दिवसभर तिच्या पोटात डोकं घालून. जेवायला हाक मारली की "आलो गो", आणि यायचं नाव नाही. माझ्या तापात ह्या माणसाने कधी कपाळाला हात लावला नाही, आणि तिच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणे, "गरम झाल्येय बिचारी." बिचारी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड.

दुखणं होतं एका नळीत. धूर बाहेर जायच्या बाजूने ती निघायची आणि परत इंजिनाच्या तोंडाकडे जायची, मध्ये एक झडप. बाजारातले सगळे मेकॅनिक बघून गेले. सगळ्यांचं एकच, "इंजिनाला स्वतःचा उष्टा धूर पाजतात काय? पत्रा ठोक आणि बंद कर शिंची." आमच्याकडे उष्टं म्हणजे उष्टं. देवाला चालत नाही, ते इंजिनाला कसं चालेल? पण ह्यांचा हट्ट, कंपनीने उगाच नळी लावली नसणार. गाडीबरोबरच्या इंग्रजी पुस्तकातून त्यांनी एवढं काढलं की थोडा धूर परत घेतला म्हणजे आतली आग फार तापत नाही, आणि फार तापल्यावर जो विषारी वायू तयार होतो तो कमी होतो.

"पण धूर घालून आगीचा ताप कमी कसा होईल?" भात कालवता कालवता ते विचारत होते. तिच्याबद्दल का होईना, माझ्याशी बोलत होते.

मी म्हटलं, "अहो, निखाऱ्यांवर राख ओढतो ना आपण? राख एकदा जळून गेलेली, ती परत कशाला जळत्येय? नुसती जागा अडवते. विस्तव भडकत नाही."

त्यांचा घास हातातच राहिला. "मग थांबल्यावर बंद का पडते?"

"चूल जेमतेम धुमसत असताना वर राख घातलीत तर विझणारच की!"

"अगो बाय माझे!" ते जेवणावरून तसेच उठले. झडप काजळीने उघडीच अडकली होती, गाडी थांबल्यावर ती मिटायला हवी होती. धुवायला त्यांनी माझी माहेरची, पूर्णगडची पितळी परात रॉकेलने भरली. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे असं बघितलं होतं. म्हटलं, घे बाबा परात.

भाई गाडी न्यायला आले तेव्हा ती अंगणात उभ्या उभ्या मांजरीसारखी गुरगुरत होती. त्यांनी विचारलं, कोडं सुटलं कसं? मी आत चहा गाळत होते, कान बाहेर.

"सोपं आहे, भाई," हे म्हणाले. "निखाऱ्यांवर राख ओढतो ना आपण..."

माझंच बोलणं, शब्दाला शब्द. आता म्हणतील, आमची ही म्हणाली. माझं नावसुद्धा काढलं नाही.

"वा मिस्त्री! आमच्या शेठला असाच माणूस हवाय. व्हिसाचं मी बघतो. येणार?"

"येणार की!" आत वळूनसुद्धा बघितलं नाही.

ही सवत आज ना उद्या जाईल, ह्या आशेवर मी सगळं सोसलं होतं. आणि मेली जाता जाता नवऱ्यालाच घेऊन चालली होती, तेही माझ्या अकलेवर.

चहा घेऊन बाहेर गेले तर भाई हसून म्हणाले, "भाभी, तुम्हाला पण गाडीतलं समजतं काय?"

"तिला काय समजत्येय!" हे म्हणाले.

मी कप खाली ठेवले. "भाई, मस्कतला चुली असतात का हो?"

"चुली? छे, तिथं सगळीकडे गॅस."

"मग ह्यांना तिथं पुढचं कोण सांगणार?"

भाईंना काही कळलं नाही. ह्यांनी मान खाली घातली ती वर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच मात्र दाढी करून पासपोर्टचा फोटो काढायला गेले.