अत्तरवाल्याची मान

अत्तर म्हटलं की मला भोरच्या बाजारातल्या त्या म्हाताऱ्या अत्तरवाल्याची मान आठवते, चेहरा नाही. ती तो सारखा पंच्यानं झाकायचा.

माझं लग्न ठरलं होतं. हिर्डोशीहून आईबरोबर बाजाराला आले होते. वासाला भुलून मी दालचिनीचं तेल मानेला लावणार, तोच त्यानं कुपी हिसकावली आणि पंचा बाजूला केला. मानेवर काळा चट्टा होता.

"हळदीच्या आदल्या दिशी म्या हेच तेल खोबरेलात न मिसळता तसंच चोळलं. कातडी भाजली. पोरीकडच्यांना महारोग वाटला, लगीन मोडलं. तू वास पदराच्या गाठीत ठेव, पोरी."

त्यानं अत्तरात भिजवलेला कापसाचा फाया दिला.

हळदीला बायका माझी नितळ मान वाखाणत होत्या. मी मनातल्या मनात त्याच्या मानेला हात जोडले.