गुळणीचं पाणी

आमच्या खानदानात बी.ए. झालेली मी पहिली, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. कनेरगाव नाक्याजवळच्या आमच्या गावात असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर, मशिदीमागच्या खोलीत मी पोरींना दीनियात, म्हणजे धर्माचे धडे शिकवते. पोरी सगळ्या जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतल्या. कुराणातल्या सुरा तोंडपाठ, अर्थ विचारला की छताच्या पत्र्याकडं पाहतात. मीही तशीच शिकले होते.

म्हणून मी प्रत्येकीला एक वही करायला लावली. घरी जाण्याआधी दोन ओळी लिहायच्या. आज काय केलं, आणि काहून केलं.

"आपा, चुकलं तं मार्क कटतात का?" एकीनं विचारलं.

"खोटं लिहिलं तं कटतात."

"मंग हिचे समदेच गेले," शेजारची म्हणाली. खोली हसली.

महिनाभर तेच ते. भांडे घासले, अम्मीनं सांगितलं म्हणून. मग रमजान लागला आणि अकरा वर्षांच्या एका पोरीनं लिहिलं: "रोजा होता. नमाजाआधी वजू करताना, हात-तोंड धुताना, गुळणीचं पाणी गिळलं. कुणी पाहिलं नाही. अल्लाहनं पाहिलं. पण मला भीती अब्बांची वाटली, अल्लाहची नाही वाटली. असं काहून?"

मी तीनदा वाचलं. कॉलेजात तीन वर्षं काढून मला असला एक प्रश्न पडला नव्हता.

वही मिटून तिच्याजवळ बसायला हवं होतं. पण मला मिरवायचं होतं. इफ्तारीआधी तिचे वडील मोटारसायकल घेऊन तिला न्यायला आले, तर मी वही त्यांच्या हातात दिली. "भाई, वाचा. तुमची लेक किती खोल विचार करून राहिली."

त्यांनी उभ्यानंच वाचलं. पोरगी चपला घालत होती. बाकीच्या दाराशी थांबल्या होत्या.

"रोज्यात पाणी पिलीस?"

मग ते माझ्याकडे वळले. "आपा, आमी कुराण शिकाया पाठवलं. अल्लाहची भीती न्हाई वाटत म्हणते. हे तुमच्या कॉलेजातलं दिसून राहिलं."

पोरगी त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहत होती. तिचा प्रश्न गुन्हा नाही, एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. मी पदर सारखा करत बसले.

त्या दिवसापासून तिचं येणं बंद झालं; ईद झाल्यावर ती परत आली. वहीत लिहिलं: "आज मी कोणतंच वाईट काम केलं नाही." बाकीच्या वह्या उघडल्या. सगळीकडं हेच वाक्य.

मी तिला जवळ घेतलं. "आणि त्या दिवशी विचारलं होतंस ते? त्याचं काय वाटते तुला आता?"

"काही न्हाई, आपा." राग नव्हता तिच्या बोलण्यात, तेच जास्त लागलं. "तुमी फळ्यावर लिहून द्या ना रोजचं. आमी उतरून घेतो."

सगळ्या पोरी "व्हय आपा, व्हय" म्हणाल्या. मी खडू घेतला आणि लिहून दिलं.