नकाशावरचा ठिपका

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार शाळेतल्या भोसलेबाईंचे. मी पदवीधर व्हावं म्हणून त्यांनी शनिवारचा उपवास धरला होता. पदवी मिळाली, मी इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला नोकरीला लागलो, तरी त्यांनी तो सोडला नाही.

इथे एक ताई आहेत, साउथहॅम्प्टनला डॉक्टर. शंभर मैलांच्या शर्यती धावतात. मी अशा शर्यतींत चेकपॉइंटवर चहा देतो. ताई उभ्यानेच मीठ लावलेला बटाटा खातात आणि काहीही विचारलं तरी "चालेल रे" म्हणतात.

त्या धावतात तेव्हा मिरजेला त्यांची आई फोनमधल्या नकाशावर लेकीचा सरकता ठिपका बघत बसते. आईला मधुमेह आहे. तिच्या दंडावरच्या, साखर मोजणाऱ्या सेन्सरचे आकडे ताईंच्या फोनवर येतात.

परवा शेवटच्या चेकपॉइंटवर तो फोन वाजू लागला. आईची साखर घसरत होती. ताईंनी लगेच फोन लावला.

"आई, जेवलीस का?"

"तू पोहोच, मग जेवते."

"अगं, बराच वेळ लागेल अजून."

"लागू दे. मी बसलेय."

ताईंनी छातीवरचा नंबर काढून माझ्या हातात दिला. शर्यत सोडली.

"पोहोचले बघ, आई. आधी साखर खा, मग जेव."

मी हळूच म्हटलं, "ताई, नुसतं पोहोचले म्हणायचं आणि धावायचं ना."

"ठिपका सरकताना दिसतो रे तिला. चहा दे."

घरी येऊन मी बाईंना पत्र लिहिलं: "बाई, मी कधीच पोहोचलो. या शनिवारी जेवा."