भावोजी आणि गाडीची कूस

माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या गाडीच्या दाराकडे बघणारा माणूस अख्ख्या लालबागमध्ये एकच, आणि तो नेमका माझा धाकटा दीर निघाला. शिवडीच्या गॅरेजात जन्मभर चेपलेले पत्रे ठोकून सरळ केल्यामुळे भावोजींचं एक ठाम मत झालं होतं: गाडीला पुढून इंजिन राखतं, मागून डिकी राखते, कुशीला मात्र कोणी वाली नाही. वीतभर दार, की लगेच आपली बरगडी! लग्नाला निघालेल्या वऱ्हाडालाही ते हे ऐकवत. दाराला डोकं टेकून डुलक्या घेणाऱ्या मामंजींना त्यांनी एकदा कोपराने ढोसून उठवलं होतं, "सरळ बसा अण्णा, ठोकर बसली की छपरातून हवेचा पडदा फुगून खाली येतो, त्याला वाट ठेवा." खिडकीवरच्या हुकाला टांगलेला नवरदेवाचा कोटही त्याच कारणाने काढून मांडीवर घेतला, आणि मुहूर्तापर्यंत त्याचं पोतेरं करून ठेवलं.

मी तरी कुठे शहाणी होते! तेव्हा जेमतेम पासष्टीची, अक्कल यायची होती. घरात उघडी वस्तू मला बघवत नसे. फ्रीजला झगा, मिक्सरला टोपरं, रिमोटला प्लॅस्टिक. मुलाने गाडी घेतली तशी पुढच्या दोन्ही सीटना मी जरीकाठी कव्हरं शिवली, घट्ट, दुहेरी टाक्यांची. पूजेचा नारळ फुटतोय तोच भावोजींनी माझीच कात्री घेऊन दाराकडची शिवण उसवली. सगळ्यांदेखत!

"वहिनी, सीटच्या ह्या कडेत हवेची पिशवी, एअरबॅग, घडी करून ठेवलेली असते. बाजूने गाडी आदळली की पापणी लवायच्या आत फुगून दार आणि बरगडीच्या मध्ये येते. तुमच्या टाक्यांत अडकली तर?"

"मला पिशवीत घालायला मी काय भाजी आहे?" मी फणकारले, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप टाके घातले. त्यांनी ते उसवले. मी पुन्हा घातले. शेवटी त्यांनी कव्हरंच काढून नेली आणि आपल्या गॅलरीतल्या खुर्च्यांना चढवली. चार महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही, हा अपमान वेगळाच.

गेल्या वर्षी परळच्या चौकात एक टेंपो सिग्नल तोडून थेट माझ्या दारावर आला. मुलगा चालवत होता, मी शेजारी. धाडकन आवाज झाला, डाव्या कुशीत कोणी तरी उशी कोंबली, कानाशी पडदा फुगला. दार आत आलं, पण माझ्यापर्यंत उशीच आली. बरगडीला मुका मार, बाकी काही नाही. मुलाला खरचटलंसुद्धा नाही.

हॉस्पिटलात पडल्या पडल्या मी भावोजींच्या प्रवचनाला उत्तरं जुळवत होते. ते आले ते आधी गाडी बघून. कॉटशी उभे राहिले.

"बोला की! जिंकलात तुम्ही," मी म्हटलं.

"अशी दारं हजार ठोकली असतील, वहिनी," ते हळूच म्हणाले. "आत कोण बसलं होतं, त्याचं काय झालं, ते कधी कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर हातोडा उचलवला नसता."

माझी सगळी उत्तरं मी गिळली आणि ते बसावेत म्हणून पाय जरा पलीकडे घेतले.