वरमाईनं मागितलेला मान

माझ्या विहीणबाईंइतकं मनापासून रागावणारं माणूस अख्ख्या पुण्यात दुसरं नव्हतं, आणि पुण्यात रागावणाऱ्यांची टंचाई कधी होती असं मला तरी आठवत नाही. बाकीची माणसं कारण मिळालं की रागावतात. विहीणबाई सकाळी उठल्या की आधी रागावायच्या, कारण मागाहून यायचं, आणि यायचंच. दूध पातळ असायचं, नळाला करंगळीएवढी धार असायची, नाहीतर ऊन बरोब्बर डोळ्यांवर यायचं. देवालासुद्धा सुटका नव्हती. एकदा त्या गणपतीसमोर हात जोडून उभ्या असताना मी मागे होते, म्हणून ऐकलं. म्हणत होत्या, "एवढाले कान दिलेत तुला, ते काय नुसते हलवायला? ऐकायला येतं का काही?" आणि मग तितक्याच रागानं त्याच्यापुढे पेढा ठेवला.

कसबा पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची खोली. पुढच्या अर्ध्या भागात लोखंडी उखळ, आणि त्यांच्या खांद्याला लागेल एवढं मुसळ. लोकांच्या मिरच्या आणि मसाले कांडून द्यायचा त्यांचा धंदा. यजमान होते, पण घरी पैसे मागायला यायचे तेवढेच. चैत्र-वैशाखात मिरच्यांचा हंगाम सुरू झाला की आमची सगळी गल्ली शिंकायची आणि त्या एकट्या न शिंकता मुसळ हाणत असायच्या. प्रत्येक घावाला कोणाचं तरी नाव घ्यायच्या म्हणे. माझं किती वेळा घेतलं असेल कोण जाणे, पण आमचा मसाला नेहमी बारीक यायचा. एकदा मोटारीतून एक बाई उतरल्या आणि नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, "अहो, फार तिखट होणार नाही ना?" विहीणबाई म्हणाल्या, "मग मिरच्या कशाला आणल्यात? टोमॅटो आणायचे होते." बाई तरातरा निघाल्या, तर या मागून मोटारीपर्यंत धावत गेल्या आणि खिडकीतून खोबऱ्याचा कीस आत कोंबला. "भाजीत घाला हा. घरात लहान पोरं असतील. नाहीतर रडतील आणि शिव्या मला बसतील." म्हणजे माया करायची तीसुद्धा भांडण उकरून काढल्यासारखी.

तो काळ असा होता की तिकडे हिंजवडीला काचेच्या इमारती उठत होत्या आणि इकडे आमच्या गल्लीत बायकांना छोटी कर्जं देणारे यायला लागले होते. बँकेनं आम्हाला कधी खुर्चीवर बस म्हटलं नव्हतं. हे कर्जवाले चालत दारापर्यंत यायचे. दहा-बारा बायकांचा गट करायचा, तारण काही नाही, जामीन एकमेकींचा. दर आठवड्याला मारुतीच्या देवळात सभा, तिथे हप्ता भरायचा. खोटं का बोलू, भलं झालं. पिको-फॉलचं मशीन मला त्याच पैशांतून मिळालं आणि नवऱ्याच्या खिशाकडे बघायचं थांबलं. हे मी आधी सांगून टाकते, कारण पुढे मी रागावणार आहे.

सभेच्या सुरुवातीला सगळ्यांनी उभं राहून प्रतिज्ञा म्हणायची असे. मी वेळेवर हप्ता भरीन, मैत्रिणीला भरायला लावीन, असं काहीसं. विहीणबाई बसून राहायच्या. वसुलीचे साहेब म्हणायचे, "काकू, उभ्या राहा ना." "दिवसभर उभीच असते. पैसे बसून दिले तर कमी भरतात का?" एकदा कुठले परदेशी पाहुणे आले. आमच्यातल्या एकेकीला विचारत होते, कर्जामुळे आयुष्यात काय बदल झाला. विहीणबाई म्हणाल्या, "आधी दारात पैसे मागायला एकच माणूस यायचा, आमचे हे. आता दोन येतात." साहेबांनी त्याचं इंग्रजी काय केलं देव जाणे, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग देवळाबाहेर नेऊन फोटो काढायला हसा म्हणाले. आम्ही सगळ्या हसलो. या कडेला उभ्या राहून फोटोवाल्याकडे असं बघत होत्या की त्यानं कॅमेरा जरा वळवून घेतला.

तेव्हा त्या माझ्या विहीणबाई झालेल्या नव्हत्या. माझी थोरली माझ्याबरोबर सभेला यायची, त्यांचा मुलगा त्यांना न्यायला यायचा. तो कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. आम्ही आत प्रतिज्ञा म्हणत होतो आणि बाहेर पायरीवर या दोघांची निराळीच प्रतिज्ञा चालली होती. कळलं तेव्हा त्या तणतणत माझ्या घरी आल्या. मला वाटलं, आता मुलीचा उद्धार होणार. तर म्हणतात कशा, "तुझ्या पोरीला अक्कल आहे का नाही? माझ्या ठोंब्यात काय पाहिलं तिनं?"

लग्नात वरमाईचा मान म्हणून मी परात घेऊन पाय धुवायला गेले. "पाय माझे आहेत, मला धुता येतात." जांभळी इरकल ठेवली त्यांच्या ओटीत, तर ती उचलून सगळ्यांदेखत माझ्या अंगावर फेकली. "ही नेसून मिरच्या कांडू? जा, परत कर दुकानात, आणि पैसे पोरीच्या हातात दे." माझ्या माहेरची माणसं घाबरली, म्हणाली वरमाई रुसली. मी म्हटलं, रुसली नाही हो, ती खुशीत आहे. तेव्हापासून मी त्यांना अहो म्हणू लागले, त्या मला अगंच म्हणत राहिल्या.

आता रागाचं. आमच्या गटात एक पद्धत होती. कोणाचा हप्ता चुकला की साहेब सगळ्या गटाला घेऊन तिच्या दारात जाऊन बसायचे. शिव्या नाहीत, धमकी नाही; नुसतं बसायचं, पैसे निघेपर्यंत. शेजारपाजार बघतो, सासू आतून बघते, बाई मेल्याहून मेली होते. त्यांच्या कागदावर याला काहीतरी छान नाव असणार. ज्या बाईबरोबर आपण पापड वाळत घातले, तिच्याच उंबऱ्यावर पहारेकऱ्यासारखं बसायचं. हे ज्यानं कोणी थंड खोलीत बसून शोधून काढलं, त्याला एकदा आमच्या उखळाजवळ उभं करायला हवं होतं.

आमच्यात सगळ्यात लहान संगीता. ती स्वारगेटला सकाळी उपीट विकायची. कंपन्यांच्या बस तिथल्या कोपऱ्यावर थांबायच्या, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं उभ्या-उभ्या खायची. मग तिथे पुलाचं काम निघालं, बसची जागा हलली, आणि टोप भरलेला गेला तसा भरलेला परत यायला लागला. हप्ता चुकला. नेमकं त्याच वेळी विहीणबाईंचं मोठं कर्ज मंजूर व्हायचं होतं, विजेवर चालणाऱ्या कांडप मशीनसाठी. त्यांचा उजवा खांदा पार गेला होता. मुसळ वर जाताना तोंड वाकडं व्हायचं आणि कोणी बघितलं की त्यालाच झापायच्या. मशीन आलं नाही तर आणखी एक-दोन हंगाम, की धंदा बंद, हे सगळ्यांना दिसत होतं. आणि नियम असा की एकीचं थकलं तर गटात कोणालाच नवं कर्ज नाही.

म्हणून संगीताच्या दारात बसायला निघालो तेव्हा बायका म्हणाल्या, विहीणबाईंना पुढे बसवा, पोरगी एका हाकेत पैसे काढील. साहेब तर हसून म्हणाले, "काकू, तुम्हीच बोला. तुमचंच मशीन अडलंय."

संगीता दारात येऊन उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मागे सासू. गल्लीतली माणसं जमली. विहीणबाईंनी आवाज लावला.

"काय गं संगीते, दारात एवढी माणसं आली, पाणी विचारायची रीत नाही तुमच्यात?"

"काकू, चहा केला असता... साखर नाही."

"साखर नसेल. रवा आहे ना? विकला गेला नाही तो रवा गेला कुठे? पेटव स्टोव्ह. बघतेस काय माझ्याकडे? पेटव!"

पोरगी घाबरून आत पळाली. साहेबांना वाटलं, जप्तीची तयारी चालली आहे. थोड्या वेळानं फोडणीचा वास बाहेर आला. मग विहीणबाईंनी आतून बशा आणल्या आणि पायरीवर उभ्या राहिल्या. "फुकट कोणी हात लावायचा नाही. आपण वसुलीला आलोय." आम्ही सगळ्यांनी पैसे देऊन घेतलं. बघ्यांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही तमाशा बघायला आलात ना? मग तिकीट लागतं. घ्या बशी." ती माणसं इतकी दचकली की त्यांनी निमूट पैसे काढले आणि खायला लागली, खाल्ल्यावर दोघा-तिघांनी पुन्हा मागितलं. साहेब म्हणाले, "मी बाहेरचं खात नाही." "मग आत येऊन खा."

साहेबांनी खाल्लं. हप्ता पुरा झाला. पैसे पिशवीत घालताना मात्र त्यांचं तोंड कडू झालं. म्हणाले, "काकू, हे बरोबर नाही. डिसिप्लिनचा प्रश्न असतो. असं हसण्यावारी नेलं तर उद्या कोणी भरणार नाही."

मी विहीणबाईंना आयुष्यभर रागावताना पाहिलं, पण आवाज खाली आणून रागावताना त्या दिवशीच पाहिलं. "साहेब, तुमचं काम एखाद्या महिन्यात कमी पडलं, तर तुमच्या हापिसातले सगळे येऊन तुमच्या दारात बसतात का? बायकोसमोर? आईसमोर? तुमचे पैसे घेतलेत, ते मोजून घ्या. पोरीची अब्रू तिनं तारण ठेवलेली नव्हती."

पुढच्या सभेत साहेबांना अचानक आठवलं की विहीणबाई आणि मी नातेवाईक. एका गटात दोन नातेवाईक चालत नाहीत, रूल आहे, एकीला निघावं लागेल. या माणसानं आमच्या पोरांच्या लग्नात जिलबीवाल्याला स्वतः हाक मारून दुसऱ्यांदा बोलावलं होतं! तेव्हा नातं दिसलं नव्हतं. मी उभी राहिले. म्हटलं, मी निघते, विहीणबाईंना मशीन हवंय. पण निघायचं तर उरलेलं कर्ज एकदम भरायचं. माझं अर्धंअधिक बाकी होतं, म्हणजे पिकोचं मशीन विकावं लागलं असतं. त्यांचं जुनं कर्ज मात्र फिटलेलं.

"खाली बस," त्या म्हणाल्या.

"अहो, पण तुमचा खांदा..."

"मी कोण आहे तुझी?"

"विहीणबाई."

"वरमाई आहे मी. लग्नात पाय धुऊन घेतले? साडी घेतली? कशाचाच मान घेतला नाही. तो आता घेणार. मुलीच्या आईनं वरमाईपुढे बोलायचं नसतं. गप खाली बस." आणि साहेबांकडे वळून, "माझं नाव काढा. ठळक रेघ मारा, पुन्हा शोधत बसाल."

सभेला तेव्हा पहिल्यांदाच त्या उभ्या राहिल्या होत्या.

बस नव्यानं कुठे थांबतात ते त्यांच्या मुलानं संगीताला दाखवलं. आता तिचं छोटंसं हॉटेल आहे. कर्जवाल्यांच्या हापिसात तो पाहुण्यांबरोबरचा फोटो मोठा करून लावलाय. सगळ्या हसतोय, आणि कडेला कापलेल्या जागी कोणाचं तरी कोपर दिसतं. ते विहीणबाईंचं. तिथे गेले की मी ते कोपर बघते आणि माझं डोकं फिरतं. तिथल्या मुली म्हणतात, "आजी, पाणी देऊ का?"

मुसळ त्यांनी आणखी दोन हंगाम उचललं. मग हात वर जाईना. आता त्या लेकाकडे असतात, हिंजवडीच्या बाजूला, लिफ्टच्या इमारतीत. माझी लेक त्यांचं सगळं नीट करते. मसाला पाकिटातला येतो. दूध पातळ असलं तरी त्या पितात. दर दिवाळीला मी त्यांच्यासाठी जांभळी इरकल नेते. दर वर्षी त्या चिडायच्या, फेकायच्या, अगं तुझं डोकं फिरलंय का म्हणायच्या, आणि माझी दिवाळी व्हायची. या वर्षी साडी मांडीवर ठेवली तर डाव्या हातानं कितीतरी वेळ काठावरून बोटं फिरवत राहिल्या. म्हणाल्या, "छान आहे गं. कशाला एवढा खर्च केलास?"

मी हसले, फराळ केला, लेकीचा निरोप घेतला. उतरताना लिफ्टमध्ये एकटीच होते, तरी मोठ्यानं म्हटलं, "अहो, फेका की ती माझ्या अंगावर."