कोरड्या बोअरचे पेढे

एरंडोल तालुक्यात अभिमनआबांना ओळखत नाही असा शेतकरी सापडायचा नाही. उभं आयुष्य बोअरच्या गाडीवर गेलं. माणूस लाख मोलाचा, पण खोड एक होती. पाणी लागलं की तिथूनच घरी फोन करायचा आणि येताना पेढे आणायचे. बोअर कोरडा गेला, की तोंडाला कुलूप. जेवतानासुद्धा कोणी विचारायची सोय नव्हती.

म्हणून बंगळुरूला विश्वातल्या अदृश्य पदार्थावर संशोधन करणाऱ्या त्यांच्या लेकीचा, पुनमचा, फोन आला, "आबा, आमना निकाल उना. मी घर येस," तेव्हा आबांनी पाणी लागलं असंच धरलं. फोन काय उगाच करतं कोणी? त्यांनी पेढे सांगितले, मंडप सांगितला आणि वेशीवर भला मोठा फलक लावला: 'विश्वातील अदृश्य पदार्थ शोधून काढणाऱ्या गावकन्येचा सत्कार'.

पुनमने एसटीतून उतरताच तो वाचला. घरी येऊन ती ओट्यावर मटकन बसली. "आबा, काहीच नही सापडनं."

"मी बठ्ठा गावले सांगी दिधं!" आबांचा चेहराच उतरला. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी विचारलं, की हा अदृश्य पदार्थ म्हणजे असतो तरी काय.

पुनमने फोनवर एका इवल्याशा दीर्घिकेचं चित्र दाखवलं. मूठभर तारे. ते इतक्या वेगाने फिरतात की केव्हाच पांगायला हवे होते, पण पांगत नाहीत. न दिसणारं काहीतरी त्यांना धरून आहे. त्याचे कण एकमेकांना भेटून नाहीसे होत असतील, तर तिथून गॅमा किरण यावेत, असा अंदाज. उपग्रहाने वर्षानुवर्षं टिपलेले किरण पुनमच्या गटाने तपासले. तसली खूण कुठेच नव्हती.

आबा चित्राकडे बघतच राहिले. "मंग या तारास्ले धरी कोन राहिनं?"

"तेच माहीत नही, आबा. आठे ओटावर बी शे ते. आपला अंगमाईन जास."

अंगातून आरपार जाणारं ते दिसतंय का, म्हणून आबांनी आपला तळहात उलटासुलटा करून पाहिला. अंगावर सरसरून काटा आला. जमिनीच्या पोटात सातशे फूट बोअर उतरवलेला हा माणूस, पण एवढं खोल त्याला कोणी कधी नेलं नव्हतं. भीती वाटली आणि भीतीहून जास्त आनंद झाला. आपली लेक असल्या गोष्टीच्या मागे आहे!

संध्याकाळी मंडपात सरपंच यशोदाबाईंनी 'मोठा शोध' म्हणताच पुनमने मान खाली घातली. आबा उठले आणि त्यांनी माईक हातात घेतला.

"सापडनं नही. बोअर कोरडा गया."

त्यांच्या बायकोने, कमलबाईने, हे शब्द त्यांच्या तोंडून जन्मात ऐकले नव्हते. तिने पदर डोळ्यांना लावला.

आबांनी पेढ्यांचा खोका उघडला आणि पहिला पेढा लेकीच्या तोंडात घातला.