साखळीत उरलेलं चाक

निर्मलाने पोह्यांवर झाकण ठेवलं तोच दारावर थाप पडली. दूधवाला येऊन गेला होता आणि कामाला येणारी कमळी नऊच्या आत कधी वर येत नसे.

दारात कमळीच होती. एका हातात सायकलचं पुढचं चाक, दुसऱ्या हातात जाड साखळी आणि तिचं कुलूप.

"नीलमवहिनींची भांडी उरकून खाली आले, तर कुंपणाला एवढंच," ती म्हणाली. "साखळीला ओरखडा पण नाय."

सायकल गेली म्हणजे कमळीचे पायच गेले. चिखल्याच्या पाड्यावरून मसोलीला यायचं, चार घरं करायची आणि पोरं शाळेतून यायच्या आत परतायचं. रिक्षा भरायची वाट बघत बसलं तर दोन घरं सुटणार.

निर्मलाच्या नवऱ्याने, रूपेशने, पेपर खाली केला. "अगं, नुसतं चाक कोण बांधतं? साखळी दांड्यातून घ्यायची. मागल्या चाकाला वेगळं कुलूप, सीटला वायर. वर थोडं शेण फास, म्हणजे कुणाला न्यावीशी वाटणार नाही."

"शेणात मी बसू का दादा?"

रूपेश मोठ्याने हसला. त्या हसण्याची निर्मलाला शिसारी आली, कारण चाक बांधायला तिनेच सांगितलं होतं. त्याआधी मागल्या चाकावरचं कडीचं कुलूप कुणीतरी दगडाने फोडायला घेतलेलं, आरडाओरडा झाला म्हणून सायकल राहिली. मग आणलेलं आकड्यांचं कुलूप नुसतं ओढलं तरी उघडायचं. शेवटी दुकानात साखळी हातावर तोलून निर्मला ऐटीत म्हणाली होती, "ही घे. पुढच्या चाकाला घाल. चाकाशिवाय नेईल कोण?"

नेली. नटसुद्धा सावकाश सोडवून कुंपणाच्या कट्ट्यावर ओळीने मांडून ठेवले होते, असं कमळीने सांगितलं. त्या नीटनेटकेपणाची तर किळसच आली.

"माझ्या माहेरी, विवळवेढ्याच्या अंगाला, रानात मोळी बांधायची न् वर दगड ठेवायचा," कमळी म्हणाली. "आठ दिवस पडू दे, कोण हात नाय लावत. इथं एवढं लोखंड बांधलं तरी नेली. शी."

निर्मला खिडकीशी गेली. फाटकावर पाटी होती: कामवाल्यांच्या सायकली आत आणू नयेत. दिवाळीनंतरच्या सोसायटीच्या बैठकीत कुणाच्या तरी स्कूटरला ओरखडा आला म्हणून हा ठराव झाला, तेव्हा हात वर करणाऱ्यांत तीही होती. जिन्याखाली मात्र तिचाच मोडका कूलर तीन वर्षं धूळ खात पडलेला. तिला स्वतःचाच वीट आला.

"पोहे खा आधी," ती म्हणाली.

कमळीने चाक भिंतीला टेकवलं, साखळी त्याच्यापाशी ठेवली.

"पाड्यावरच्या सुदामभाऊला फोन केला. त्याची सायकल देतो बोलला. ती गेली तर तिसरी नाय." तिने निर्मलाकडे सरळ पाहिलं. "बाई, कुलूप नको आता. ती तुमच्या जिन्याखाली ठेवू द्या."